गावोगावच्या लडी

प्रवासात लोकर घेणाऱ्या माणसाच्या कपाटात बहुधा एकेकच लडी सापडते. स्वेटरभर लोकर घ्यायची तर पाच-सहाशे ग्रॅमचं ओझं होतं, हाताने कातलेल्या-रंगवलेल्या लोकरीची किंमतही चढी असते, आणि घरच्यांसाठी घेतलेल्या जर्दाळू-अक्रोडांनी बॅग आधीच भरलेली असते. मग दुकानात उभं राहून हात फिरवायचा, लडी खाली ठेवायची, पुन्हा उचलायची आणि शेवटी एक घ्यायची. घरी आली की ती खणात जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते.

या लेखाच्या निमित्ताने मी पुण्या-मुंबईतल्या विणणाऱ्या बऱ्याच जणींशी बोलले. काही बाळंतविडे विणत विणत मोठ्या झालेल्या, काही लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून सुया हातात धरलेल्या. असा खण प्रत्येकीकडे निघाला. आइसलँडची एक लडी, लेहची एक, न्यूझीलंडहून मुलीने पाठवलेली एक. ‘याचं काय करू, सुचतच नाही,’ हे वाक्यही जवळपास प्रत्येकीच्या तोंडी होतं.

न सुचण्याचं कारण मला असं वाटतं, की आपण वस्तूपासून सुरुवात करतो. स्वेटर करायचा, शाल करायची, मग लोकर पुरत नाही म्हणून थांबतो. एका लडीचं विणकाम उलट्या बाजूने सुरू होतं. लोकर कुठली, कुठल्या जनावराची, किती मीटर, आणि जिथून आली तिथली माणसं तेवढ्याशा लोकरीचं काय करतात, हे आधी बघायचं. लोकर सगळीकडेच मेहनतीने मिळायची. तेव्हा थोडक्या लोकरीतून काय करावं, हे त्या-त्या गावाने फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथे गनिस्टर गावाजवळ १९५१ साली जळणासाठी दलदलीतली पीट माती खणणाऱ्या माणसांना एका माणसाचे अवशेष सापडले. दलदलीत शरीर जवळपास विरून गेलं होतं, पण अंगावरची लोकर शाबूत राहिली होती. त्याच्याजवळची नाणी १६८० ते १६९० या काळातली, म्हणजे माणूस सतराव्या शतकाच्या अखेरचा. विणलेल्या वस्तू कोणत्या, तर टोप्या, हातमोजे, लांब पायमोजे आणि पैशांची छोटी थैली. राखाडी लोकरीच्या त्या थैलीवर लाल आणि पांढऱ्या लोकरीची नक्षी आहे. शेटलंडमध्ये सापडलेलं रंगीत नक्षीचं सर्वांत जुनं विणकाम म्हणून आज अभ्यासक ज्या वस्तूकडे बोट दाखवतात, ती ही थैली, तळहाताएवढी. दोन-तीन रंगांच्या उरल्यासुरल्या धाग्यांत सहज होईल अशी.

त्याच शेटलंडमध्ये आजही लोकरीचे गुंडे २५ ग्रॅमचे मिळतात. ‘जेमिसन्स ऑफ शेटलंड’च्या स्पिंड्रिफ्ट लोकरीच्या २५ ग्रॅममध्ये १०५ मीटर धागा असतो आणि रंग दोनशेहून अधिक. तिथल्या फेअर आइल नक्षीत एका ओळीत दोनच रंग चालतात, पण ओळीगणिक ते बदलत जातात, त्यामुळे प्रत्येक रंग थोडाथोडाच लागतो. २०१० पासून दर वर्षी तिथे शेटलंड वूल वीक भरतो, आणि आता त्या-त्या वर्षासाठी एका टोपीचा नमुना प्रसिद्ध होतो. जगभरातून येणारे कित्येक जण ती टोपी विणून, घालूनच बोटीतून उतरतात. लोकरीचा उत्सव आणि त्याची खूण म्हणजे एक टोपी, ही निवड मला फार नेमकी वाटते.

नॉर्वेतल्या सेलबूची वस्तू हातमोजा. १८५७ साली मारित गुल्डसेटब्रुआ नावाच्या तरुण मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीत आठ पाकळ्यांच्या चांदणीचे हातमोजे विणले आणि ते घालून ती चर्चला गेली. पुढे अख्ख्या गावाने त्या चांदणीवर संसार चालवले. लॅटव्हियात २००६ साली नाटोची शिखर परिषद झाली, तेव्हा पाहुण्यांना हाताने विणलेल्या हातमोज्यांचे ४५०० जोड भेट दिले गेले. पेरूतल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुष विणतात. लहान मुलगा सुया धरायला शिकतो, आणि मोठेपणी माणूस लग्नाचा की बिनलग्नाचा हे डोक्यावरच्या टोपीवरून कळतं. अलास्कात कस्तुरी बैलाच्या अंगावरची तलम लोकर, क्विव्हिउट, वसंतात विंचरून काढतात. ती इतकी महाग की तिच्यात मोठं काही करणं परवडतच नाही. तिथल्या बायकांची ‘ऊमिंगमाक’ ही सहकारी संस्था १९६९ साली सुरू झाली. गळ्याभोवती बसणारं आणि वर ओढलं की डोकंही झाकणारं, जाळीच्या विणीचं एक कडं त्या विणतात. जाळीचा नमुना गावागणिक वेगळा. कडं बघून जाणकार गाव ओळखतात.

पण आपल्या माणसांनी खरं बघावं ते हिमाचलमधलं लाहौल. मराठी पर्यटक मनालीला जातात, तिथून लेहच्या वाटेला लागतात आणि केलाँगला चहा पिऊन पुढे सरकतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंडीच्या पोटातून नऊ किलोमीटर गेलं की माणूस लाहौलमध्ये उतरतो. त्याआधी बर्फ पडून रोहतांग बंद झाला की हे खोरं कित्येक महिने जगापासून तुटायचं. शेतं बर्फाखाली, वाटा बंद. विणकामाला वेळ होता आणि पायांत उबदार काही असण्याची गरजही होती.

या खोऱ्यातलं दोन-तीन रंगांच्या नक्षीचं विणकाम कसं रुजलं, ही हकीकत विलक्षण आहे. विल्हेल्म हायडे आणि एडुआर्ड पागेल हे दोन मोरावियन मिशनरी मंगोलियाला जायचं म्हणून जर्मनीतून निघाले होते. तिकडे जाऊ दिलं जाईना, म्हणून १८५६च्या सुमारास त्यांनी केलाँगला घर बांधलं. १८५९ साली मारिया हार्टमान तिथे पोचली, ज्या हायडेशी लग्न करायचं त्याला तोवर एकदाही न बघता. तिचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा, आईवडीलही मिशनरीच. जवळपास चाळीस वर्षं ती केलाँगला राहिली. धर्मप्रसारात त्या मंडळींच्या हाती फारसं काही लागलं नाही. मारियाने मुली-बायकांसाठी विणकामाची शाळा चालवली, ती मात्र रुजली. लाहौली बायकांनी सुया उचलल्या आणि त्यांवर आपले रंग, आपले आकार चढवले. २०२१ साली ‘लाहौली विणलेले मोजे व हातमोजे’ यांना भौगोलिक मानांकन मिळालं. शिकवणारी परदेशी होती हे खरं, पण आज त्या मोज्यांवर जे दिसतं ते लाहौलचंच आहे. ही मालकी मानांकनाच्या कागदाआधीच बायकांनी मिळवलेली होती.

केलाँगच्या बाजारात एका बाईंनी मला मोजा कसा बघायचा ते दाखवलं. त्यांनी तो हातात घेतला आणि लगेच उलटा केला. नक्षीच्या विणकामात एका ओळीत दोन रंग चालतात. ज्या रंगाचा टाका पडत नाही, तो धागा मागून नुसता पुढे जातो. हे मागचे धागे फार ताणले की नक्षी आवळते आणि मोजा टाचेवरून चढत नाही. सैल सोडले तर पायाची बोटं त्यात अडकतात. पाचसहा टाक्यांहून लांब धागा मागे जात असेल तर मधेच त्याला पीळ घालून अडकवावं लागतं. चांगल्या मोज्याची आतली बाजू जवळजवळ बाहेरच्याइतकीच नेटकी असते. शिवाय मागून जाणाऱ्या या धाग्यांमुळे लोकरीचा थर दुहेरी होतो, म्हणजे नक्षी असते तिथे ऊबही जास्त. ‘बाहेरून सगळेच छान दिसतात,’ असं काहीसं त्या हिंदीत म्हणाल्या आणि शेजारी ठेवलेला यंत्रावरचा जोड उलटा करून माझ्यासमोर धरला. त्याच्या आत धाग्यांचा गुंता लोंबत होता.

तिथेच एक लडी घेतली. न रंगवलेली, कॉफीच्या रंगाची, दोनपदरी, हाताला थोडी खरखरीत. मोजे विणावेत एवढी ती पुरणार नव्हती. भाची हिंजवडीत ज्या ऑफिसात बसते तिथे बारा महिने एसीचा गारठा असतो, तिच्यासाठी त्या लडीतून बोटं उघडी ठेवणारे हातमोजे विणले. मनगटाला एक सुलट-एक उलट, वर साधी सुलट वीण, आणि लाहौलच्या मोज्यावरची चौकटीची एक ओळ खणातल्या पांढऱ्या लोकरीत. लाहौली हातमोज्यांची हुबेहूब नक्कल करण्याची माझी लायकी नाही आणि गरजही नाही. पण पाव किलोमीटरही धागा नसलेल्या त्या लडीला हातावर जाण्याची वाट त्याच गावाने दाखवली.

आता बाजाराबद्दल थोडं. मनालीत काय, लेहमध्ये काय, कुठल्याही पर्यटनस्थळी ‘शुद्ध याक वूल’ म्हणून ढिगाने विकल्या जाणाऱ्या मऊ, स्वस्त शाली आणि लोकर बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. याकची खरी मऊ लोकर केसांच्या आतल्या थरातून विंचरून काढावी लागते, ती ढिगाने मिळत नाही. पश्मीनाचंही तसंच. चांगथांगच्या बकऱ्या समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर राहतात, त्यांच्या अंगावरचा तलम थर वर्षातून एकदाच निघतो. दुकानदाराने हरकत घेतली नाही तर बोटभर धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखा वास सोडते, ज्योत बाजूला केली की स्वतःच विझते आणि राख चिमटीत चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं, ठिबकतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. अॅक्रिलिकशी माझं भांडण नाही. लुधियानाच्या त्याच लोकरीवर महाराष्ट्रातले निम्मे बाळंतविडे विणले गेलेत, धुवायला सोपे, बाळाला न टोचणारे. पण ती लोकर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर मिळते. तिच्यासाठी रोहतांग ओलांडायची गरज नाही.

लडी घरी आली की पहिलं काम म्हणजे तिची पट्टी वाचणं. आपल्याकडे लोकर वजनावर घेण्याची सवय, म्हणून नजर ग्रॅमवर जाते. बघायचे ते मीटर. आइसलँडच्या जाड आलाफॉसलोपीच्या १०० ग्रॅममध्ये १०० मीटर धागा असतो, मोज्यांच्या बारीक लोकरीच्या तेवढ्याच वजनात ४०० मीटरच्या आसपास. पहिलीत घट्टसा कानपट्टा होईल, दुसरीत मोठ्या माणसाचे मोजे. पट्टी नसेल, हाताने कातलेल्या लोकरीला बहुधा नसतेच, तर धागा मीटरपट्टीवर दहा मीटर मोजून घ्यावा, तेवढ्याचं वजन करावं आणि हिशेब मांडावा. साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी लागतो. एका लडीच्या विणकामात मी त्याला सुयांच्या खालोखाल मानते.

लडी सोडताना घाई नको. पीळ उलगडून ती मोकळी करायची, दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा समोर बसलेल्या कुणाच्या दोन हातांवर ताणून धरायची, बांधलेले दोरे सगळे कापायचे आणि मग गुंडा करायचा. गुंडा सैल हवा. लोकर ताणून गुंडाळली की लांबते आणि विणून धुतल्यावर आखडते, मग टोपी एक बोट लहान निघते. तुकडा विणून बघायचाच; धुवायचा, वाळवायचा, टाके मोजायचे. मात्र इथे एकच लडी आहे, तेव्हा तो तुकडा कापून ठेवायचा नाही, उसवून पुन्हा वापरायचा.

जोडीची वस्तू असेल तर विणायला बसण्याआधीच गुंड्याचे वजनाने दोन भाग करावेत. एक हातमोजा मनगटापासून मनसोक्त लांब विणला आणि दुसऱ्याला अंगठ्याशी लोकर संपली, ही तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकली आहे की यावर वेगळा परिच्छेद लिहायला हरकत नव्हती. त्रिकोणी मफलरची युक्ती तर सुंदर आहे. नॉर्वेत त्याला बाक्तुस म्हणतात. एका टोकाला दोन-चार टाके घालून सुरुवात करायची आणि एकाच कडेने दर काही ओळींनी एकेक टाका वाढवत जायचं. अधूनमधून उरलेला गुंडा काट्यावर ठेवायचा. निम्मं वजन संपलं की जशी वाढ केली तशीच घट सुरू करायची. शेवटचा टाका बंद होतो तेव्हा लडी संपलेली असते आणि मफलर पूर्ण झालेला असतो. किती लांब होईल याची चिंता विणणाऱ्याने करायचीच नाही, ते लडी ठरवते. कडा सरळ असलेल्या वस्तूत मात्र टाके बंद करायला धागा राखून ठेवावा लागतो; विणीच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट धरावा.

आणि तरी कमी पडली तर? शुद्ध लोकर असेल तर धाग्यांची दोन टोकं पिंजून, ओली करून, तळहातांत घासली की एकजीव होतात. गाठ लागत नाही. तिथून दुसऱ्या गावची लोकर सुरू करावी. टाच, अंगठा, टोपीची कड वेगळ्या रंगात असणं यात कमीपणा कसला? शेटलंडच्या बायका आणि लाहौलच्या बायका रंग बदलत विणत आल्या. एकाच रंगाचा एकाच लॉटचा हट्ट हा कारखान्यातल्या लोकरीने आपल्याला लावलेला आहे.

लोकरीचा स्वभावही बघावा लागतो. अल्पाका मऊ आणि जड असते, पण तिला मेंढीच्या लोकरीची लवचीकता नसते. तिची टोपी काही दिवसांत सैल पडून भुवयांवर येते. गळ्याभोवती सैल लोंबणाऱ्या वस्तूत मात्र हाच गुण शोभून दिसतो. कुल्लू खोऱ्यात अंगोरा सशांची लोकर मिळते. ती अंगावर भुरभुरते आणि फार ऊब धरते, म्हणून अख्खी टोपी न करता कानावर येणारी कड तिच्यात विणावी. आइसलँडच्या लोकरीत बाहेरच्या लांब, राठ केसांचा आणि आतल्या मऊ केसांचा असे दोन थर एकत्र येतात. ती गळ्याला टोचते, मनगटाला नाही. विकत घेतानाच लडी गालाला नव्हे, मानेला लावून बघावी. मान खोटं बोलत नाही.

हे सगळं लिहिताना एक खण रिकामा राहिलेला जाणवला. ज्या बायकांशी बोलले त्यांच्याकडे आइसलँड होतं, पेरू होतं, महाराष्ट्राची लडी एकीकडेही नव्हती. सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या माळावर दख्खनी मेंढी धनगरांबरोबर चालते. तिच्या लोकरीचं सूत धनगर बायका कातत आल्या, सणगर विणकरांनी त्याची घोंगडी विणली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिली. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं आणि लोकरही उधळली जाते. देवावर उधळण्याइतकी मोलाची लोकर आज बाजारात कुणी विचारत नाही. घोंगड्यांची मागणी घटली, कातरणीची मजुरीही निघेना, तेव्हा कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतात. या लोकरीची गोष्ट सांगणारा ‘देसी ऊन’ हा सुरेश एरियट यांचा छोटा अॅनिमेशनपट खुद्द दख्खनी लोकर वापरून केलेला आहे. त्याला २०२५ साली फ्रान्समधल्या अॅनेसीच्या महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. फ्रान्सपर्यंत पोचलेली ही लोकर आपल्या विणकामाच्या पिशवीत मात्र नाही, याचं मला वाईट वाटतं.

अडचणी खऱ्या आहेत. दख्खनी लोकर राठ आहे, गळ्याला किंवा बाळाच्या अंगाला लावण्यासारखी नाही. घोंगडीचं सूत मागासाठी कातलेलं, एकपदरी आणि कडक पिळाचं असतं. दोन सुयांवर ते तिरकं जातं, चौकोन विणावा तर चौकट वाकडी होते. सूत कातणाऱ्या बाईंना सांगून ते सैल पिळाचं आणि दोनपदरी करून घ्यावं लागतं. त्या करून देतात, त्यांना ते अवघड नाही. त्यांना आजवर कुणी तसं मागितलेलं नव्हतं, एवढंच.

आणि आपल्या गावाने थोड्या लोकरीचं काय करायचं ते विणकामात ठरवलेलं नाही, तेव्हा ते आपल्याला ठरवायचंय. ही लोकर अंगाला चालत नसेल तर अंगाखाली आणि हातात चालेल. पेटली तरी आपोआप विझणारी, उष्णता रोखणारी, राठ आणि टिकाऊ लोकर स्वयंपाकघरात सोन्यासारखी. शंभर ग्रॅमची काळी लडी, जाड सुया. वीतभर रुंदी भरेल इतके टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणायच्या, दोन वीत लांब झालं की टाके बंद करायचे. दुमडून तीन बाजू त्याच धाग्याने शिवायच्या, कोपऱ्यात टांगायला फास ठेवायचा. गॅसवरून कुकर उतरवायला असा एक चौकोन मी सध्या वापरते आहे. चटका लागत नाही. दुसरा विणायला घेतला आहे, त्यात पांढऱ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची दोन बोटांची पट्टी घालते आहे. ती लडी फलटणच्या बाजूने आली.